तराजूवरचं बोट

बँकेत असताना एका सहामाही क्लोजिंगच्या रात्री दोन वह्यांत पंधरा पैशांचा फरक आला. पहाटेचे तीन वाजले होते. मी खिशातून पंधरा पैसे काढून ताळेबंद जुळवला आणि सगळे घरी गेलो.

अतिशीत अणूंच्या व्यतिकरणमापीविषयी वाचताना ती रात्र आठवली. नाव भारदस्त, पण काम दोन वह्या ताडून पाहण्याचंच. अणू हा लाटेसारखाही वागतो. लेसरने त्या लाटेचे दोन भाग करायचे, वेगळ्या वाटांनी न्यायचे आणि पुन्हा एकत्र आणायचे. दोन्ही लाटांच्या चढउतारांत जो फरक पडतो, त्यावरून गुरुत्वाकर्षण मोजता येतं. १९९१ साली स्टॅनफर्डला मार्क कासेविच आणि स्टीव्हन चू यांनी हे करून दाखवलं. २०२२ साली तर बर्मिंगहॅम विद्यापीठाने अशाच यंत्राने जमीन न खणता खालचा बोगदा हेरला.

अडचण वेळेची आहे. मोकळे सोडलेले अणू खाली पडतात. स्टॅनफर्डला दहा मीटरचा मनोरा उभारला, तरी हाती आले तीन सेकंदांहून कमी. वेळ वाढला तर अचूकता वाढते. मग अणूंना पडू द्यायचंच नाही, प्रकाशाच्या किंवा चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने धरून ठेवायचं, असा विचार निघाला. बर्कलीत होल्गर म्युलर यांच्या गटाने सीझियमचे अणू लेसरच्या जाळीत २०१९ साली वीस सेकंद धरले, २०२४ साली सत्तर सेकंदांपर्यंत.

पण भाजीवाल्याचं बोट तराजूला लागलं, की वजन बदलतं. धरणारा प्रकाशही अणूंना ढकलतो. दोन्ही वाटांवर तो तंतोतंत सारखा नसेल, तर मापात गुरुत्वाकर्षणाबरोबर आधाराचीही भर पडते. म्हणून बर्कलीकरांनी टंगस्टनच्या छोट्या वजनाची ओढ मोजताना त्याची जागा बदलून पाहिली. वजन हलवल्याने जेवढं बदललं, तेवढंच वजनाच्या खाती मांडलं. उत्तर न्यूटनच्या नियमाशी जुळलं. आधार घ्यायला हरकत नाही, त्याची नोंद मात्र हवी.

माझ्या पंधरा पैशांची नोंद कुठेच नव्हती. चार महिन्यांनी कळलं, की त्या फरकात एकमेकींना जवळजवळ झाकणाऱ्या दोन मोठ्या चुका होत्या. त्यांतल्या एकीपायी एका पेन्शनरला चार महिने पैसे कमी मिळत होते. माझा ताळेबंद मात्र चोख जुळला होता.