सुगीच्या धांदलींतील जेवण

सुगीचे दिवस आले म्हणजे शेतकऱ्याचें सर्व लक्ष कणसांकडे लागतें; पोटाकडे पाहण्यास त्यास सवड नसते. पहांटे चहा, बारा वाजतां पुन्हां चहा व त्याबरोबर दुकानांतील बिस्किटें, आणि तीन वाजतां एकदम चार भाकऱ्या, हा क्रम आम्हीं आमच्याच घरीं अनेक वर्षें चालविला. बैलांस वेळेवर वैरण मिळाली नाहीं तर गड्यावर रागावणारे आम्ही, घरच्या माणसांच्या बाबतींत मात्र अगदीं बेफिकीर होतों, हें कबूल केलें पाहिजे.

गतवर्षीं ज्वारीच्या काढणींत आमच्या सूनबाई शेतांतच चक्कर येऊन पडल्या. ऊन लागलें असेल असें आम्हांस वाटलें. तालुक्याच्या गांवीं रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन ८ भरलें. तें १२ च्या खालीं असूं नये. चौकशी करतां कळलें कीं, सर्वांचीं जेवणें उरकल्यावर त्या जेवीत, आणि तोंवर पातेल्यांत उसळ उरलेली नसे. चटणी-भाकरीवर वेळ भागवीत व वर चहा घेत. हें आमच्याच घरीं घडलें असें नव्हे. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळलें. ज्यांच्या रानांत हरभरा पिकतो त्यांच्या घरीं असें व्हावें, ही आम्हां पुरुषांस लाज आणणारी गोष्ट होय.

डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या घेतल्याच पाहिजेत. परंतु बाकीचा उपाय कणगींतच आहे. बाजरींत ज्वारीपेक्षां लोह अधिक असतें. नाचणींत हाडांस लागणारें कॅल्शियम, वजनास वजन धरल्यास, दुधाच्या जवळजवळ तिप्पट भरतें. शेंगदाण्यांत सुमारें चौथा हिस्सा प्रथिनें असतात. मात्र धान्यांतील लोह शरीरास सहज लागत नाहीं. त्यास आंबटाची जोड लागते. म्हणून उसळीवर लिंबू पिळावें. जेवणाबरोबर घेतलेला चहा नेमकें उलट करतो, तो लोह अडवितो. सबब जेवण व चहा यांत निदान तासाचें अंतर असावें.

सवड नाहीं ही सबब आम्हींही पुष्कळ सांगितली. पण मटकी सायंकाळीं भिजत घालावी, सकाळीं फडक्यांत बांधावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीं पहांटे मोड तयार असतात. यांत हाताचें काम फारसें नाहीं. ताकांत ज्वारीचें पीठ रात्रीं कालवून ठेविलें तर सकाळीं आंबील शिजण्यास वेळ लागत नाहीं, आणि मीठ घातलेली आंबील उन्हांत काम करणाऱ्यास चहापेक्षां कितीतरी उपकारक होते. लातूर-सोलापूरकडे वेळ अमावास्येस हीच आंबील, आणि कडधान्यें व पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, हौसेनें शेतांत नेतात. सणास जें सुचतें तें कामाच्या दिवशीं कां सुचूं नये?

शिदोरींत भाकरी, घट्ट पिठलें, कांदा व शेंगदाण्याची चटणी उत्तम. भात नेऊं नये. उन्हांत तो दुपारपर्यंत बिघडतो. चटणीसाठीं मात्र बुरशी लागलेले, काळवंडलेले दाणे निवडून टाकावे. त्यांत अफ्लाटॉक्सिन नांवाचें यकृतास घातक विष असूं शकतें, आणि भाजल्यानें तें पुरतें जात नाहीं. विक्रीचा चांगला माल बाजारांत व खराब दाणे घरांत, ही आपली जुनी खोड येथें महागांत पडते. असले दाणे जनावरांसही घालूं नयेत.

आमच्या घरीं आतां सकाळीं नऊला सर्वांची न्याहारी शेतांतच होते, आणि वाढणारी व जेवणारी माणसें एकाच पंगतीस बसतात. प्रारंभीं म्हाताऱ्यांनीं कुरकुर केली, ती आठवड्यांत थांबली. तीन महिन्यांनीं सूनबाईंचें रक्त पुन्हां तपासलें, तें साडेदहा भरलें. गोळ्या अद्याप चालू आहेत. जेवणावरचा चहा मात्र आमचा स्वतःचा अजून सुटलेला नाहीं.