रॉकेटच्या पोटातली नाडी

उडदाच्या पापडांचं पीठ कुटून झालं की आजी त्याची लांब वळकटी करते आणि लाट्या पाडते. सुरीने नाही, दोऱ्याने! वळकटीला दोऱ्याचा वेढा घालायचा, दोन्ही टोकं ओढायची, की टप्! लाटी वेगळी. सुरीला पीठ चिकटतं, दोऱ्याला नाही. शिवाय दोरा बारीक, म्हणून हाताचा सगळा जोर केसाएवढ्या जागेत उतरतो.

हेच काम दोरा आभाळातही करतो. तिथे तो रॉकेटचं पोट फाडतो.

खेळातलं रॉकेट असतं जेमतेम हातभर. पुठ्ठ्याची नळी, वर टोकदार नाक, खाली पंख, पोटात छोटं इंजिन. 1954 साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या चपला-बुटांच्या दुकानदाराने असं रॉकेट बनवलं. त्याचा भाऊ रॉकेटवर भाषणं द्यायचा, त्याला दाखवायला काहीतरी हवं होतं ना!

इंजिन विझलं तरी रॉकेट वेगाच्या भरात वर जातच राहतं. मग इंजिनाच्या वरच्या बाजूने एक छोटा बार होतो, नाक निसटतं आणि पॅराशूट बाहेर पडतं. नाक, पॅराशूट आणि नळी हरवू नयेत म्हणून एकाच दोरीला बांधलेली असतात. तिला आपण नाडी म्हणू. नाडी ताणली जाते आणि नळीच्या काठावर घासते. रॉकेट तेव्हा जोरात असेल तर नाडी काठ चिरत खाली सरकते, जॅकेटची चेन उघडावी तशी. म्हणून रॉकेटवाले या फाटण्याला 'झिपर'च म्हणतात. ज्या दोरीने वाचवायचं, तीच फाडते. काय म्हणावं आता!

पण जी नळी उडताना टिकते, ती इथे का हरते? हे कळायला मी भाचीला घेऊन वागळे इस्टेटमध्ये गेलो. ठाण्याची ही जुनी औद्योगिक वसाहत. 1 ऑगस्ट 1962 रोजी एमआयडीसीची, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, सुरुवात झाली, तीही इथेच, एका छोट्याशा कार्यक्रमाने. तिथल्या एका गाळ्यात ओळखीचे काका कागदी नळ्या बनवतात. तपकिरी कागदाच्या पट्ट्या डिंकातून ओल्या होऊन येत होत्या आणि लोखंडी दांड्याभोवती तिरक्या गुंडाळल्या जात होत्या. टोकाकडून न संपणारी नळी बाहेर सरकत होती, जिलबीवाल्याने सरळ जिलबी काढावी तशी.

"तिरक्या का?" भाचीने विचारलं.

"सरळ सांधा आला तर तिथूनच उकलेल की," काका म्हणाले आणि एक तुकडा तिच्या हातावर ठेवला.

घरी आल्यावर तिने तो उभा करून त्यावर पुस्तकं रचली. सात झाली, नळी हलली नाही. मग तिने काठ चिमटीत धरून दाबला. लगेच चेपला! नळीच्या मधल्या भागाला वरखाली शेजारी असतात, काठाला एकाच बाजूला. आणि रॉकेटची नळी तर याहून पातळ असते. 25 मिलिमीटर व्यासाच्या एका नेहमीच्या नळीची भिंत जेमतेम पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या मधली.

मग उपाय? सगळ्यात मोठा उपाय म्हणजे वेळ. रॉकेट सर्वांत उंच पोचतं तेव्हा क्षणभर जवळजवळ थांबतं. बार तेव्हाच व्हायला हवा. एक सेकंद उशीर झाला, तर खाली येण्याचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या आसपास. दोन सेकंद झाले तर 70. (वागळे इस्टेटच्या रोड नंबर 16 वर संध्याकाळी रिक्षाने हा वेग गाठून दाखवावा!) घाई झाली तरी तीच गत, कारण रॉकेट अजून वर धावतच असतं. म्हणून इंजिनावर 'सी 6-5' असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला शेवटचा 5 म्हणजे विझल्यानंतर पाच सेकंदांनी बार. रंगाचे थर देऊन रॉकेट जड केलंत, तर ते लवकर शिखर गाठतं आणि ठरलेली सेकंदं चुकतात. नटवण्याची हौस अशी महागात पडते.

नाडी लांब हवी, रॉकेटच्या दोन-तीनपट तरी. मग ती ताणली जाईपर्यंत सुटे झालेले भाग हवेत थोडे मंदावतात. आखूड इलॅस्टिक लावलं तर वेगळीच गंमत: नाक उसळी मारून परत येतं आणि स्वतःच्याच नळीला पोचा पाडतं. आणि नाडी रुंद असावी. केव्हलार नावाचा कृत्रिम धागा सहज न जळणारा आणि चिवट, पण बारीक, म्हणजे काठाला मांजाच. तो काठाच्या आतच संपवून पुढे रुंद इलॅस्टिक बांधतात. शिवाय काठाला आतून पातळ फेव्हिक्विक पाजलं की कागद कडक होतो. ते काम मोठ्यांचं, नाहीतर बोटं रॉकेटला जोडली जातील.

इंजिनात बंदुकीची दारू असते, ती घरी बनवायची नाही. आणि वागळे इस्टेटमध्ये रॉकेट उडवायचंही नाही, तारा आणि पत्रे कमी आहेत का! पण फाटण्याचा प्रयोग घरी होतो. वहीच्या कागदाची एकपदरी नळी करा, आतल्या तळाशी शिवणाचा दोरा चिकटवा, काठावरून बाहेर काढा आणि खाली झटका द्या. मग नवी नळी घेऊन तोच झटका परकराच्या नाडीने द्या.

भाचीने दोऱ्याने नऊ नळ्या फाडल्या. नाडीने फाटेना, नुसती वाकली. दहाव्या नळीच्या वेळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "माझं लाट्यांच्या दोऱ्याचं रीळ कुठे गेलं गं?"