एक ओढली की टेन्शन जातं?

परीक्षा जवळ आली की हिंगोलीत काय नि वसमतला काय, शिकवणीबाहेरच्या टपरीवर पोरं हेच सांगतात. त्यांचं म्हणणं खोटं म्हणून झटकता येत नाही. ओढल्यावर त्यांना खरंच हलकं वाटतं. पण हलकं होतं ते कुठलं टेन्शन?

धुरातलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तात निम्म्यावर येतं. सवय लागलेल्याची मग चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. पुढची विडी शमवते ती ही तलफ. गणिताची धास्ती, घरातली भांडणं, बापाचं कर्ज जागच्या जागीच राहतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अँडी पॅरट यांनी १९९९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र मांडून दाखवलं, की किशोरवयीन मुलं नियमित ओढू लागतात तसा त्यांचा ताण वाढत जातो. विडी आधी दुखणं देते आणि मग त्यावरच उतारा विकते.

‘कधीमधी घेतो, व्यसन थोडंच आहे?’ हा दुसरा समज. अमेरिकेत जोसेफ डीफ्रान्झा यांच्या गटाला १२-१३ वर्षांच्या काही मुलांत रोजची सवय लागण्याआधीच, काही आठवड्यांतच, तलफेची लक्षणं दिसली.

सोडल्यावर मन आणखी बिघडेल, ही भीतीही अनेकांना वाटते. २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २६ अभ्यासांचा आढावा आला. ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण कमी झालेला आढळला.

आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज मात्र पालकांचा: ‘आमचा पोरगा ओढत नाही, म्हणजे तंबाखूपासून लांब आहे.’ २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात १५ वर्षांवरचे ३.८ टक्के लोक धूम्रपान करत होते, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू घेत होते. चुना-तंबाखू, खर्रा, गुटख्यातही तेच निकोटीन असतं आणि तलफही तशीच लागते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं गुन्हा आहे. तरीही खिशात पुडी सापडते.

सापडलीच, तर आधी पोराचं काय बिनसलंय ते विचारा. उदास, घाबरलेली मुलं तंबाखूकडे लवकर वळतात. मारानं ती आणखी एकटी पडतात. सोडल्यावरचे पहिले काही दिवस सर्वांत जड जातात, पुढच्या काही आठवड्यांत त्रास ओसरतो. त्या दिवसांत आधारासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. मनच खचलं असेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६.