कोलिमाचे मातीचे कुत्रे : समज आणि पुरावे

मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोलिमा प्रांतात सापडलेल्या मातीच्या गुबगुबीत कुत्र्यांची ओळख पुष्कळदा ‘ॲझ्टेक कलेचा नमुना’ अशी करून दिली जाते, आणि त्यांच्याविषयीच्या गैरसमजांना तेथूनच सुरुवात होते. हे कुत्रे साधारणपणे इ. स. पूर्व 300 ते इ. स. 300 या काळात घडवले गेले, तर ॲझ्टेकांनी आपली राजधानी तेनोच्तित्लान वसवली ती चौदाव्या शतकात. म्हणजे दोहोंमध्ये निदान हजार वर्षांचे अंतर आहे. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम मेक्सिकोतील मूर्तींचा मोठा संग्रह केला, त्या वेळी या मूर्तींना ‘तारास्कन’ म्हणण्याचा प्रघात होता. परंतु तारास्कन राज्यही असेच कित्येक शतकांनंतरचे असल्यामुळे अभ्यासकांनी तेही नाव सोडून दिले आहे. आता कोलिमा, हालिस्को आणि नायारित या तीन प्रांतांतील या परंपरेला तिच्या थडग्यांवरून ओळखले जाते. विहिरीसारखा अरुंद उभा खड्डा खोल खणून त्याच्या तळाशी आडव्या खोल्या कोरायच्या, त्यांत मृतांना ठेवायचे आणि खड्डा बुजवून टाकायचा, अशी ही रचना असून मातीचे कुत्रे अशाच खोल्यांतून आलेले आहेत.

या मूर्तींची तुकतुकीत त्वचा पाहून त्या मेक्सिकोतील ‘शोलोइत्स्कुइंत्ली’ या केस नसलेल्या जातीच्याच आहेत, असे ठामपणे सांगितले जाते. वस्तुतः ही तकाकी कारागिरीची आहे. अमेरिका खंडात कुंभाराचे चाक नव्हते, त्यामुळे मूर्ती हातानेच घडवली जाई, तिच्यावर लोहयुक्त तांबड्या मातीचा, म्हणजे आपल्याकडच्या कावेसारखा, पातळ लेप दिला जाई आणि भाजण्यापूर्वी ती घोटून गुळगुळीत केली जाई. अशा रीतीने घोटलेला केसाळ कुत्राही केसरहितच दिसेल. मूर्ती पोकळ आहेत म्हणून त्या खेळणी असाव्यात, हा तर्कही टिकत नाही, कारण एवढ्या आकाराची भरीव मूर्ती भट्टीत तडकते. शिवाय कित्येक कुत्र्यांच्या अंगावर भांड्यासारखे तोंड काढलेले असते.

सर्वांत लोकप्रिय समज असा की, हे कुत्रे मृतात्म्याला परलोकी नेणारे वाटाडे आहेत. याचा मुख्य आधार म्हणजे सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने मध्य मेक्सिकोतील नाहुआ लोकांकडून टिपून घेतलेली माहिती. तिच्यानुसार मृताला नऊ प्रवाहांची नदी ओलांडावी लागे आणि पिंगट कुत्राच त्याला पाठीवरून पैलतीरी नेई. पांढरा कुत्रा आपण नुकतेच अंग धुतल्याचे सांगून आणि काळा आपल्या अंगाला काळे लागल्याचे सांगून नकार देई. ही कथा मनाला चटका लावणारी आहे, आणि कुत्र्याला मृताचा सोबती मानणारी श्रद्धा मेक्सिकोत फार जुनी असणे शक्यही आहे. मात्र दुसऱ्या प्रदेशातील, हजार वर्षांहून अधिक काळानंतरची कथा कोलिमाच्या थडग्यावर जशीच्या तशी लादणे म्हणजे पुराव्याची जागा कथेला देणे होय. मेसोअमेरिकेत, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या प्राचीन संस्कृतिप्रदेशात, कुत्रे पोसून खाल्ले जात, आणि काही मूर्तींच्या तोंडात मक्याचे कणीस दाखवलेले आहे. त्यावरून मृतासाठी ठेवलेल्या अन्नाचे ते प्रतीक असावे, असेही मानले जाते, आणि हा अर्थ पहिल्या अर्थाला छेद देतोच असे नाही.

तथापि दोन्ही अर्थांना पुरून उरणारी एक मूर्ती आहे. तिच्यातील कुत्र्याच्या तोंडावर माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बसवलेला असून मुखवट्याच्या कडेमागे प्राण्याचे कान स्पष्ट दिसतात. हे पाळीव जनावराचे साधे चित्रण नव्हे, कारण मुखवटा ही विधीची वस्तू आहे. माणसाने प्राण्याचे रूप घेण्याऐवजी येथे प्राण्याने माणसाचे रूप घेतले आहे, आणि एवढ्या एका तपशिलामुळे या मूर्तींना ‘दैनंदिन जीवनाची दृश्ये’ मानणारी जुनी समजूत डळमळीत होते.

नेमका विधी कळण्यासाठी मूर्ती कोणाजवळ आणि कशी ठेवली होती हे ठाऊक असावे लागते, पण बहुतेक थडगी चोरांनी फोडल्यामुळे ती नोंदच नष्ट झाली. या परंपरेची ही सर्वांत मोठी हानी आहे. म्हणूनच हालिस्कोमधील उइत्सिलापा येथे 1993 मध्ये उघडलेल्या अस्पर्श थडग्याचे मोल मोठे आहे. सुमारे साडेसात मीटर खोल खड्ड्याच्या तळाशी दोन खोल्यांत सहा व्यक्ती पुरलेल्या होत्या, त्यांच्या हाडांवरून बहुतेक जण एकमेकांचे रक्ताचे नातेवाईक असल्याचे दिसले, आणि हिरव्या दगडाच्या व शिंपल्यांच्या दागिन्यांनी मढवलेल्या एका पुरुषाजवळ शंख ठेवलेले होते. मातीच्या मूर्ती आणि अन्नाची भांडी त्यांच्याभोवती पुरतेवेळी ज्या जागी ठेवली होती, त्याच जागी सुमारे एकोणीस शतके होती.