नाळ आणि गुडघा

मी भाषेचा अभ्यासक, वैद्यकाचा नव्हे. तरीही स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय निवडला, कारण मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत उभी हयात घालविलेली माणसे आज गुडघे धरून विचारतात, ‘नाळेतल्या पेशींनी सांधा नवा होतो काय?’

आपल्याकडे पुरून टाकली जाणारी ही नाळ शास्त्रज्ञांना मोलाची वाटते. तिच्या रक्तात व लुसलुशीत गरात मूळपेशी, म्हणजे इतर पेशींना जन्म देणाऱ्या पेशी असतात. रक्तातील मूळपेशी नवे रक्त घडवितात. १९८८ साली पॅरिसमध्ये त्यांचे पहिले रोपण एका रक्तविकारग्रस्त मुलावर झाले. गरातील पेशींपासून प्रयोगशाळेत हाड व कूर्चा घडविता येतात. शिवाय त्या दाह शमविणारी द्रव्ये स्रवतात. अशाच गुणांच्या, नाळेच्या रक्तातून मिळविलेल्या पेशींच्या औषधाला दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये गुडघ्याच्या कूर्चेसाठी मान्यता दिली.

भारतात मात्र भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या व तत्सम ठरावीक विकारांपुरतेच मूळपेशींचे रोपण मान्य होते. सांध्यांसाठी नाळेतल्या पेशी रीतसर चाचणीतच वापरता येतात, आणि चाचणीतील रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नसतात.

वजन घटविणे, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि प्रसंगी कृत्रिम सांधा हे आजचे पारखलेले मार्ग होत. म्हणून विद्यार्थ्यांनो, आजोबा शेत विकून इंजेक्शन घ्यावयास निघाले, तर तुम्ही दोनच प्रश्न विचारा : ही चाचणी नोंदलेली आहे काय? असल्यास पैसे कशाचे?