आलापल्लीत बेट वाचवताना

चंद्रपूरहून निघालेली एसटी आष्टी मागं टाकून आलापल्लीच्या चौकात थांबते. दुपारचे साडेचार. मे महिना. उतरताना दाराच्या दांड्याला हात लागतो आणि चटका बसतो. इथून एक रस्ता अहेरीला जातो, एक सिरोंच्याला, एक एटापल्ली-भामरागडकडे. चौकातली प्रत्येक गोष्ट लालसर दिसते. पानठेल्याचं छत, रसवंतीचं हिरवं कापड, कडुनिंबाची खालची पानं. सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज भरलेले ट्रक इथूनच जातात. एकाची धूळ खाली बसत नाही तोवर दुसरा येतो.

भामरागडच्या गाडीसाठी लोक सावलीच्या पट्ट्यात ओळीनं उभे आहेत. ऊन सरकतं तशी ओळही सरकते. एका बाईच्या डोक्यावर रिकामी टोपली आहे. तिची बोटं काळपट झालीत. तेंदूपत्त्याचा हंगाम आहे. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, 70 पानांचं एक पुडकं बांधायचं आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचं. तिथंही रांगच.

मीही थांबलोय. रसाचा दुसरा ग्लास हातात आहे. नागपूरची गाडी उशिरा येते. तिच्यातून तो उतरतो. आलापल्लीचाच मुलगा, नागपुरात इंजिनीअरिंग शिकतो. त्याची मोठी सॅक पाठीवर नाही, पोटाशी आहे. आत टॉवेलमध्ये गुंडाळलेले बोर्ड गेमचे दोन डबे. एक पुठ्ठ्याचा, एक पत्र्याचा.

“ग्लूमहेवन नाही आणला?” मी विचारतो.

“दहा किलोचा खोका एसटीत कोण उचलंन, सर?”

आम्ही चालायला लागतो. डांबर मऊ झालंय. लाकूड डेपोच्या कुंपणाआड सागाचे ओंडके रचून ठेवलेत, प्रत्येकाच्या तोंडावर आकडे आणि हातोड्याचा ठसा. उन्हात तापलेल्या सागाचा वास रस्त्यावर येतो. पुढं गल्ली, गल्लीत हातपंप, हातपंपापाशी घागरी. त्याच्या पलीकडं शाळेतल्या सरांचं कौलारू घर.

ओसरीवर टेबल मांडलंय. जुनं, सागाचं, जड. कूलरचं तोंड मुद्दाम भिंतीकडं फिरवलंय. पंखा बंद. पंखा लावला की पत्ते उडतात आणि कूलरच्या ओल्या हवेनं पुठ्ठा वाकडा होतो. म्हणून चाळीस अंशांच्या वर पारा असताना ही माणसं बिनवाऱ्याची बसतात. घामासाठी प्रत्येकाच्या मांडीवर एकेक गमछा आहे. दाराशी एक स्टीलची वाटी ठेवलीय. खर्ऱ्याची पुडी त्या वाटीत टाकूनच टेबलाशी यायचं. चुना-तंबाखूचा हात पत्त्याला लागला तर डाग जात नाही.

आधी पत्र्याचा डबा उघडतो. तो मुलांसाठी आहे. सरांची मुलगी आणि शेजारची तिघं अंगणात सतरंजीवर बसतात. हा ‘फॉरबिडन आयलंड’, 2010 सालचा खेळ. 24 चौकोनी फरशा मांडून बेट तयार होतं. बेट बुडत जातं. चार खजिने शोधायचे आणि सगळ्यांनी मिळून हेलिकॉप्टरनं निघायचं. एक जरी मागं राहिला तरी सगळे हरले. मुलांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. “तू इकडं ये, मी तुले पत्ता देतो,” शेजारचा मुलगा म्हणतो, आणि खेळ सुरू झालेला असतो.

मोठ्यांच्या टेबलावर पुठ्ठ्याचा खोका उघडतो. ‘स्पिरिट आयलंड’. हा 2017 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सगळे एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला, ही रीत त्याच्या बरीच आधीची. ‘अर्कम हॉरर’ 1987 चा, ‘पॅन्डेमिक’ 2008 चा. आपल्या सारीपाटात समोरासमोरचे दोघे जोडीदार असतात, पण पलीकडं दुसरी जोडी असतेच. इथं पलीकडं कुणी माणूस नाही. बेटावर समुद्रातून परके येतात. आधी शोधक, मग वस्त्या, मग शहरं. खेळणारे त्या बेटाची दैवतं होतात. नदी, वीज, सावल्या, धरती. बेटावर दहान नावाचे मूळचे लोक राहतात. त्यांना सांभाळायचं, जमीन वाचवायची, आलेल्यांना घालवायचं.

या ओसरीवर हाच खेळ पुन्हा पुन्हा निघतो. का, ते इथं बसलं की कळतं.

चार जण खेळतात. विद्यार्थी नदी घेतो. दवाखान्यातल्या सिस्टर वीज घेतात. सर सावल्या. चौथा वनरक्षक आहे, तरणा, माडिया. तो आत्ताच जाळरेषेवरून आलाय. खाकी शर्टाला राखेचा वास आहे. त्याची नेमणूक भामरागड रस्त्याला, वनवैभवाच्या बाजूला. सहा हेक्टरचा तो तुकडा कधी तोडायचा नाही असं ठरलेलं, पडलेलं झाडही जागेवरच कुजू द्यायचं. 2014 साली तो जैवविविधता वारसा स्थळ झाला. वनरक्षक काही न बोलता धरतीचा फलक स्वतःकडं ओढतो.

मी पाचवा. खेळ चौघांचाच आहे. माझ्याकडं परक्यांचे पत्ते उलटायचं काम.

चार पाट जोडून बेट तयार होतं. प्रत्येक पाटावर आठ प्रदेश, म्हणजे एकूण 32. जंगल, डोंगर, वाळू, दलदल. परके पांढऱ्या प्लास्टिकचे, दहान लाकडाचे. दोन लाकडी सोंगट्या हरवल्यात, त्यांच्या जागी चिंचोके आहेत. माझ्यासमोर बारा पत्ते. पहिल्या टप्प्याचे तीन, दुसऱ्याचे चार, तिसऱ्याचे पाच. हे संपले आणि आणखी एक काढायची वेळ आली की बेट गेलं.

पहिला पत्ता उलटतो. वाळू. किनाऱ्यावरच्या आणि वस्ती-शहरांच्या आसपासच्या वाळूच्या प्रदेशांत शोधक उतरतात.

खेळाची खरी ताकद या पत्त्यांच्या सरकण्यात आहे. आज जिथं शोधक आले, तिथं पुढच्या फेरीला वस्ती उभी राहणार आणि त्याच्या पुढच्या फेरीला नासधूस होणार. संकट दोन फेऱ्या आधी दिसतं. दिसतं, आणि तरी सगळीकडं पुरं पडता येत नाही. चौघंही एकाच वेळी आपापले पत्ते निवडतात. काही शक्ती लगेच लागू होतात, काही नासधूस होऊन गेल्यावर.

पहिल्या दोन फेऱ्या विद्यार्थीच बोलतो. त्याला सगळे पत्ते पाठ आहेत. “सिस्टर, तुम्ही हा टाका. भाऊ, तू इथं ये. सर, तुम्ही थांबा.” सिस्टर पत्ते टेबलावर पालथे ठेवतात.

“माझी वीज मी पाहतो. तू नदी पाय.”

तो गप्प होतो. बरं होतं. सोबतीच्या खेळाला सगळ्यात मोठा धोका खोक्यातल्या परक्यांचा नसतो, टेबलावरच्या एका शहाण्याचा असतो. चौघांची डोकी बाजूला ठेवून एकानंच डाव चालवला की बाकीचे तिघं नुसते हात उरतात. या खेळात प्रत्येक दैवताचं काम इतकं निराळं आणि गुंतागुंतीचं आहे की एकाला चौघांचं सांभाळणं झेपत नाही. विचारावंच लागतं.

मग टेबलावर खरं बोलणं सुरू होतं. मराठी, मध्येच हिंदी, सरांचे तेलुगू शब्द. विद्यार्थी इंग्रजी पत्ता वाचून मराठीत सांगतो. वनरक्षक पाटाकडं बघत राहतो.

दिवे लागायच्या वेळेला वीज जाते. खरी. अंगणातली मुलं ओरडतात. आजी आतून कंदील आणतात, सिस्टर मोबाइलचा उजेड लोट्यावर टेकवून उभा करतात. आजी प्रत्येकापुढं आंबिलीचा पेला ठेवतात, टेबलाच्या कडेला नाही, खाली जमिनीवर. सांडलं तर पाटावर जायला नको. दूर टिटवी ओरडते. ट्रकांचा आवाज इथंही येतो, गिअर बदलताना जास्त.

पाचवी फेरी. या वेळी दलदलीची पाळी. एका दलदलीत दोन वस्त्या आणि एक शोधक आहे. वस्तीचा मार दोनचा, शोधकाचा एकचा. पाच. दोन पुरले की जमिनीवर ब्लाइटची, म्हणजे नासाडीची, करडी सोंगटी बसते. तिथं दोन दहान आहेत, प्रत्येकाचा जीव दोनचा. दोघंही जाणार.

“माझ्याकडं वाहून न्यायचा पत्ता आहे,” विद्यार्थी म्हणतो. “तिघांनाही बाजूच्या डोंगरात ढकलतो. पण तो उशिरा लागतो. तोवर सगळं होऊन गेलेलं असंन.”

कुणी बोलत नाही. सिस्टर हातातले पत्ते पुन्हा बघतात. त्यांनी या फेरीसाठी जंगलातली एक वस्ती जाळायचं ठरवलेलं आहे. ते सोडून त्या दुसरा पत्ता पुढं सरकवतात. विजेचं वरदान. ज्याला दिलं त्याच्या दोन शक्ती लगेच लागू होतात.

“घे. तुझी नदी आता जोरात.”

नदी वाहते. दोन वस्त्या आणि शोधक डोंगरात जातात. डोंगराला या फेरीत मार नाही. दलदल रिकामी, दोन चिंचोके जागेवर. जंगलातली वस्ती तशीच राहते. मला या खेळात सगळ्यात जास्त आवडतो तो हाच क्षण. स्वतःचा चांगला डाव हातात असताना तो दुसऱ्याला देणं. तो पाहायला मी एवढ्या उन्हात एसटीनं यायला तयार असतो.

डोंगरात मात्र पुढं शहर उभं राहतं. मी पत्ता सरकवतो आणि पांढरं शहर स्वतःच्या हातानं ठेवतो. हे काम मला नकोसं होतं.

सर परक्यांच्या मनातली भीती वाढवत राहतात. चार खेळाडू असले की 16 भीती जमल्यावर भीतीचा एक पत्ता मिळतो. असे तीन उघडले की पुढची पातळी. पहिल्या पातळीवर जिंकायचं तर बेटावर एकही परका नको. दुसऱ्या पातळीवर वस्त्या आणि शहरं नकोत. तिसऱ्या पातळीला पोचलं की फक्त शहरं पाडायची. सर तिसऱ्या पातळीला आणून सोडतात, तेव्हा माझ्यासमोरची गड्डी संपलेली असते.

शेवटची फेरी. दोन शहरं उरलीत. एक किनाऱ्यावर, एक त्याच डोंगरात. तिथल्या दोन्ही वस्त्या आणि तो शोधक सिस्टरनी कधीच काढलेत. किनाऱ्यावरचं शहरही वीज एका फटक्यात पाडते. पण तिचं सगळं तिथंच संपतं. डोंगराला पोचेल असं नदीकडं काही नाही, सावल्यांकडं काही नाही. विद्यार्थी गमछ्यानं तोंड पुसतो. “गेलं.”

“काऊन गेलं?” वनरक्षक म्हणतो.

तो बोट ठेवतो. मागच्या फेरीच्या अखेरीला त्यानं दलदलीतले दोन दहान डोंगरात बोलावून घेतलेत. तेव्हा कुणी लक्ष दिलं नव्हतं. धरतीचं ठाणं डोंगरात आहे. ठाणं असेल तिथं तीनचा मार अडतो. शहराचा मार तीनचाच. आणि या फेरीत डोंगराला नासधूस आहे.

“शहर मारंन. मी अडवतो. जमिनीले काही होत नाही, लोकायले काही होत नाही. मग लोक उलटून मारतेत. दोघं, दोन-दोन. चार.”

शहराचा जीव तीनचा.

सर नियमांचं पुस्तक मोबाइलच्या उजेडात धरतात. आधी परक्यांचा मार, मग जिवंत राहिलेल्या दहानांचा. नवा पत्ता काढायची वेळ त्यानंतरची. बरोबर आहे. मी नासधूस सुरू करतो. शहराचे तीन. अडवलेले तीन. शून्य. दोन चिंचोके उभे आहेत. विद्यार्थी ते शहर उचलतो आणि खोक्यात टाकतो.

सिस्टर टाळी वाजवतात. अंगणातली मुलं धावत येतात, “जिंकले का? जिंकले का?” वनरक्षक हसतो आणि तेवढ्यापुरता खर्ऱ्याच्या वाटीकडं जातो. आजी विचारतात, जेवायला वाढू का. सर म्हणतात, “थांब नं आई, जरा,” आणि पाट पुसायला घेतात.

विद्यार्थी दैवतांचे फलक पिसायला लागतो. वनरक्षक हात धुऊन, पुसून येतो.

“आता मले वीज पाहिजे.”

“घ्या,” सिस्टर म्हणतात आणि फलक त्याच्याकडं सरकवतात. “पण आधी हे ऐका. तुमचे उशिराचे पत्तेही लगेच लागते. फक्त मोजून टाका, नाही तर दुसऱ्या फेरीत हात रिकामा.”

तो खुर्ची पुढं ओढतो. मी बारा पत्ते पुन्हा रचायला घेतो. पाच तळाला, त्यांच्यावर चार, वर तीन.