लॉकरमधला शंख

मी बँकेत होतो तेव्हाची गोष्ट. एक वृद्ध खातेदार दर दिवाळीच्या पाडव्याला लॉकर उघडायला येत. एकदा त्यांनी रेशमी फडक्यात गुंडाळलेला ऐवज मला दाखवला. सोने नव्हे, दक्षिणावर्ती शंख! "साहेब, लाखांत एखादाच असा निघतो," ते हलक्या आवाजात म्हणाले.

आपण शंखाचे निमुळते टोक वर करून पाहतो. प्राणिशास्त्रज्ञ वेटोळ्यांचा कळस वर धरतात. म्हणून आपला दक्षिणावर्ती त्यांच्या लेखी डावखुरा. निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले, की समुद्री गोगलगायींचे एक छोटेसे कुळच्या कुळ असे डावखुरे आहे. त्याचे नाव लिमासिनिडे. त्यातल्या काही जाती ध्रुवांकडच्या गोठत्या पाण्यात राहतात.

त्यांपैकी लिमासिना हेलिसिना ही जात कॉन्स्टंटाइन फिप्स या दर्यावर्दीने १७७३च्या उत्तर ध्रुवाकडील सफरीत पाहिली आणि १७७४ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. शंख मिरीच्या दाण्याएवढा, काचेसारखा पारदर्शक. सरपटण्याच्या पायाचे झाले आहेत दोन पंख! ते हलवीत ही गोगलगाय पाण्यात उडते, म्हणून तिला सागरी फुलपाखरू म्हणतात. चिकट द्रवाचे जाळे पसरून ती सूक्ष्म जीव पकडते आणि स्वतः मासे, पक्षी, देवमासे यांच्या तोंडी जाते.

पण आता तिच्या घरालाच घरघर लागली आहे. आपण जाळलेल्या कोळशा-तेलाचा सुमारे पाव हिस्सा कार्बन डायऑक्साइड समुद्र पोटात घेतो. त्याने पाण्याची आम्लता वाढते. थंड पाण्यात हा वायू अधिक विरघळतो आणि हे शंख ज्या अ‍ॅरागोनाइट नावाच्या चुन्याचे बनतात, तो तर लवकर विरघळणारा. दक्षिण महासागरातून २००८ साली पकडलेल्या या कुळातल्या जिवंत गोगलगायींचे शंख वरून झिजलेले आढळले. ते निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले.

बँकेतल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. उचल आज होते, वसुली उद्या. आणि पुष्कळदा ती जामीनदाराकडून होते. इथे उचल आपली आहे. जामीन राहिली आहे ती मिरीएवढी गोगलगाय. तिला कुणी विचारलेही नव्हते.

एक शंख आपण रेशमात गुंडाळून कुलपात जपला. बाकीचे समुद्रात उघड्यावर आहेत, आणि त्यांना कुलूप नाही.